खांद्यावरून मांडीवर

उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांस,



आमच्या पातूरकडं वीणा म्हटली की हरिनाम सप्ताह. वीणेकरी पाळीपाळीनं बदलतात, वीणा मात्र खांद्यावरून उतरत नाही. तिथं तो नेम शोभतोच. तुम्ही मात्र रुद्रवीणा खांद्यावरून खाली उतरवलीत, आणि म्हणूनच ती वाचली असं माझं मत आहे.

जुने बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, डावा भोपळा खांद्यावर घेत. तुम्हाला मंद्र सप्तकातला लांब, खोल स्वर हवा होता. मग कोलकात्याच्या कनाईलाल यांच्या कारखान्यातून भोपळे मोठे करून घेतलेत, दांडी जाड केलीत, तारा जाड लावल्यात. एवढा भार खांदा कसा पेलणार? सरस्वती वीणेसारखी ती मांडीवर आली. मिजराबही काढलीत, नुसत्या बोटांनी तार छेडू लागलात. कर्मठांना हे रुचणं अवघडच. पण तुमचा यमन ऐकावा! एक मींड सुरू होते, तार गप्प झाली असं वाटतं, तरी स्वर चालूच असतो. आलाप संपून पखवाज कधी येतो याची वाट पाहणाऱ्यानं या वाटेला जाऊच नये.

बीन मागं पडली त्याला दरबार बुडाले हे कारण झालंच. पण बीनकारांनीही ती घरच्या मुलांपुरती राखली आणि बाहेरच्या शिष्यांच्या हाती सुरबहार दिला. सोवळ्यात ठेवलेली विद्या अशीच आटते. तुम्ही 1929 साली उदयपूरला जन्मलात, दरबारी वादकाच्या घरात. तरी बाहेरच्या शिष्यांनाही चेंबूरच्या घरात शिकवलंत, सिएटलच्या विद्यापीठात शिकवलंत, पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल उभारलंत. 1990 साली तुम्ही गेलात, पण चिरंजीव बहाउद्दीन आज तीच वीणा वाजवतात.

हे तुम्हालाच लिहायचं कारण आमच्या वऱ्हाडातली किंगरी. दारोदार गोपीचंदाची कथा गाणाऱ्या नाथजोग्यांचं हे तंतुवाद्य. तिचं कौतुक करणारे आम्ही लोक ती जशीच्या तशी काचेच्या कपाटात ठेवायला निघतो. उद्या एखाद्या जोग्याच्या पोरानं तिचा भोपळा बदलला, तार बदलली, तर पहिली ओरड आमचीच असेल. तेव्हा त्या पोरानं कोणाचं नाव पुढं करावं, एवढं तरी त्याला ठाऊक असावं म्हणून हे पत्र.

आपला,
पातूरचा एक श्रोता