हिंगण्याची महिला पाठशाळा

महिला पाठशाळा १९१६ साली पुण्याबाहेर, हिंगणे बुद्रुकच्या माळावर सुरू झाली. धोंडो केशव कर्वे यांनी त्याच वर्षी स्थापन केलेल्या भारतवर्षीय महिला विद्यापीठाचे हे पहिले महाविद्यालय. कुलपती डॉ. रा. गो. भांडारकर, कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे आणि विद्यार्थिनी अवघ्या पाच. पाच मुलींसाठी एवढी मोठी माणसे उभी राहिली, याचा पुण्याला जितका अभिमान वाटायला हवा तितका वाटताना दिसत नाही.

माळावर पाठशाळेच्या आधी आश्रम आला होता. कर्व्यांनी विधवांसाठी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम प्लेगच्या दिवसांत शहराबाहेर न्यावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन दिली आणि १९०० मध्ये तिथे एक झोपडी उभी राहिली. कर्वे तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. कॉलेजचे तास आटोपले की ते हिंगण्याची वाट धरत. आश्रमाला लागणारे सामान स्वतः वाहून नेत, तिथल्या मुलींना शिकवत, रात्री तिथेच राहत आणि सकाळी पुन्हा पायीच शहरात येत. पावसाळ्यात त्या वाटेवर पाऊल उचलणे कठीण होई. विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून ज्याला त्याच्या मुरुड गावाने वाळीत टाकले, तो माणूस दिवेलागणीला चिखल तुडवत एकटा निघाला आहे आणि पलीकडे काही मुली पाट्या घेऊन त्याची वाट पाहत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. पाठशाळेचा खरा पाया त्या संध्याकाळींत आहे.

शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी सक्तीचा विषय, ही पाठशाळेची मुख्य रीत. परक्या भाषेच्या ओझ्याखाली मुलींची वर्षे वाया जाऊ नयेत, असा त्यामागचा विचार. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली होती आणि तिथूनच त्यांना हा मार्ग सुचला. भाषा आणि इतिहास यांच्या जोडीला गृहजीवनशास्त्र आणि आरोग्यशास्त्र होते. पदवीचे नाव गृहीतागमा, म्हणजे जी. ए. हे शिक्षण दुय्यम दर्जाचे आहे, मुलींना घराशी बांधून ठेवणारे आहे, असा आक्षेप सुधारकांनीही घेतला. घराविषयीच्या भागापुरता तो खराच होता. मराठीतून शिकण्याला दुय्यम म्हणणे मात्र अन्यायाचे होते, आणि तो अन्याय आजही मिटलेला नाही. सरकारमान्यता नसताना, पदवीच्या जोरावर नोकरीची खात्री नसताना ज्या मुली इथे आल्या, त्या शिकण्यासाठीच आल्या.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीमुळे विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले; त्याचेच लघुरूप एसएनडीटी. १९३६ मध्ये मुख्य कचेरी मुंबईला गेली. कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. तोवर कर्व्यांनी नव्वदी ओलांडली होती. पाठशाळेचा वारसा आज कर्वे रस्त्यावरचे एसएनडीटी महाविद्यालय चालवते. जवळच नळ स्टॉप. डोक्यावरून २०२२ पासून मेट्रो धावते. हिंगण्याचे कर्वेनगर झाले, माळ इमारतींनी भरला. ज्या वाटेने कर्वे चालत, तिचा माग आता गर्दीत लागत नाही. मूळची झोपडी मात्र महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात जपलेली आहे.

एसएनडीटी महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलीने अर्ज भरण्याआधी एकदा ती झोपडी पाहून यावी, आणि जमल्यास तिथवर चालत जावे.