बंद घड्याळाची बोली

ज्या घड्याळाला कुणी हौसेने जपले आहे त्यापेक्षा ज्याला घरातले सारे विसरून गेले आहेत ते घ्यावे, असे मी सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुणांना सांगतो, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जो अविश्वास उमटतो तो मला अपरिचित नाही. कारण जपणे म्हणजे सोन्याला उजाळा देणे आणि तबकडी नव्याने रंगवून घेणे, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे, तिने जुन्या घड्याळांची जितकी हानी केली तितकी रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यानेही केलेली नाही. उजाळ्याच्या प्रत्येक फेरीत सोन्याचा एक पातळ थर जातो, केसच्या कडा गोलावतात, आणि १८ कॅरटच्या स्विस केसवर असणारे हेल्वेशियाचे मस्तक किंवा १४ कॅरटवरची खार, अशा ज्या सूक्ष्म मुद्रा त्या वस्तूचा एकमेव विश्वासार्ह दस्तऐवज असतात, त्या हळूहळू पुसल्या जातात. रंगविलेल्या तबकडीची गोष्ट तर याहून शोचनीय आहे, कारण मूळ अक्षरे एकदा खरवडली गेली की ती जगातल्या कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाहीत.

रत्नागिरीत सोन्याची मनगटी घड्याळे येण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या. एक वाट मुंबईच्या नोकरीची होती, जिथे १७३७ पासून या धंद्यात असलेल्या फेवर ल्यूबा या स्विस घड्याळ कंपनीने एकोणिसाव्या शतकातच आपली पेढी थाटली होती. आणि दुसरी वाट दर्याची, जिने राजिवडा-मिरकरवाड्यापासून खाडीपट्ट्यातील गावांपर्यंतचे कितीतरी तरुण बोटीवर चाकरीस गेले आणि परमुलखातल्या बंदरांतून सासऱ्यासाठी, थोरल्या भावासाठी किंवा स्वतःच्या लग्नासाठी एखादे घड्याळ घेऊन आले. पुढे १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली, १९६८ चा कायदा त्याहून कडक झाला आणि तो रद्द व्हायला १९९० साल उजाडले; इकडे १९६१ पासून बंगळुरात एचएमटीची घड्याळे तयार होऊ लागल्यामुळे रोजच्या वापराला स्वस्त आणि भरवशाचे घड्याळ मिळाले. सोन्याचे घड्याळ कपाटात गेले. ते समारंभापुरते बाहेर निघे, पुढे तेही थांबले, आणि या विस्मरणामुळेच त्यातली काही घड्याळे माझ्यासारख्याच्या हाती अविकृत येतात.

शहरातील एका सोनेतारण संस्थेने थकबाकीदारांच्या तारण जिनसांच्या जाहीर लिलावाची जी नोटीस स्थानिक दैनिकात दिली होती, तिच्यातील पाटल्या, गोठ, बोरमाळा आणि कोल्हापुरी साज यांच्या यादीत एक मनगटी घड्याळ होते, आणि त्याच्यापुढे ते बंद असल्याची नोंद होती. घड्याळ हा दागिना नव्हे म्हणून बहुतेक संस्था ते तारण घेतच नाहीत. येथे ते सोन्याच्या केसच्या बळावर घेतले गेले असावे. रीतसर अनामत भरून मी माल पाहण्याच्या दिवशी गेलो, तेव्हा संस्थेचे मूल्यांकन करणारे वृद्ध सराफ तेथेच बसले होते. माझ्या विनंतीवरून त्यांनी मागचे झाकण स्वतःच्या देखरेखीखाली उघडू दिले, हा त्यांचा उपकार मी विसरणार नाही, कारण लिलावाच्या मालाला परक्या माणसाचा स्पर्शही सहसा होऊ दिला जात नाही.

उघडलेल्या घड्याळात प्रथम स्क्रूंच्या खाचा पाहाव्यात, अशी माझी रीत आहे. खाचांच्या कडा तुटलेल्या असतील तर कुणा उतावीळ हाताने चुकीचा पेचकस वापरला आहे हे निश्चित समजावे, आणि जेथे स्क्रूची अशी दशा झाली तेथे आतल्या चाकांची काय गत झाली असेल याचा अंदाज करून मुकाट्याने झाकण लावावे. येथे खाचा स्वच्छ होत्या. झाकणाच्या आतल्या अंगाला, भिंगाखेरीज दिसणार नाहीत अशा, सुईने कोरलेल्या दोन खुणा होत्या. दुरुस्तीच्या वेळी कारागीर आपल्या वहीतील क्रमांक अशा रीतीने कोरून ठेवीत, आणि त्यातल्या दुसऱ्या खुणेपाशी मराठी अंकांत ७१ साल होते. म्हणजे त्यानंतर या यंत्राला कुणाचा हात लागल्याची खूण नव्हती. मशीन हातात अलगद कलते केले तेव्हा बॅलन्सचे चाक मोकळेपणी झुलले, त्यावरून त्याच्या आसाची टोके शाबूत असावीत असे मानण्यास जागा होती. चावीच्या दांडीवर मात्र गंज चढला होता. समुद्रकाठच्या गावात गंज आत शिरतो तो बहुधा याच दाराने.

"यात साडेदहा ग्रॅम सोनं आहे बघा," सराफ म्हणाले, "बाकी मशीनला मोल नाही. घेतलंत तर डायल तेवढी रंगवून घ्या, नव्यासारखी दिसेल." त्यांच्या सद्भावनेविषयी मला तिळमात्र शंका नाही, आणि त्यांच्या शास्त्राप्रमाणे ते बरोबरच बोलत होते: यंत्रातली सतरा माणकेदेखील भट्टीत बनविलेली, व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली जाहीर केलेल्या पद्धतीची कृत्रिम माणके, त्यांना सराफकट्ट्यावर किंमत ती काय असणार! परंतु याच हिशेबाने सोन्याच्या केस मुशीत जातात आणि त्यांची यंत्रे भंगाराच्या डब्यात सुटी पडतात. सोने नसते तर हे घड्याळ कुणी इतकी वर्षे कुलपात ठेवले नसते, हे खरे. आणि सोने आहे म्हणूनच त्याचा नाश करण्यात लाभ आहे, हेही तितकेच खरे. २०१६ साली जिनिव्हातील एका लिलावात पाटेक फिलिपच्या १५१८ या नमुन्याच्या पोलादी घड्याळाला एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकांहून अधिक किंमत मिळाली, सोन्यातल्या त्याच नमुन्यांना मागे टाकून. धातूच्या भावावरून घड्याळाचे मोल ठरत नाही याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

लिलावाच्या दिवशी बांगड्यांवर चढाओढ झाली, घड्याळावर झाली नाही. एका व्यापाऱ्याने वितळवणीचा हिशेब मनात धरून बोली लावली, मी तिच्यावर थोडी चढवली, तो थांबला, आणि एक वार, दोन वार, तीन वार होऊन हातोडा पडला.

खोलून पाहता कमान तुटलेली निघाली. त्या काळच्या निळ्या पोलादी कमानींना दमट हवेत बारीक गंजाचे टिपके पडत आणि तेवढ्यावरच त्या फुटत; आता मिश्रधातूच्या न गंजणाऱ्या कमानी मिळतात, तशी एक बसवली, आणि जुनी पाकिटात घालून घड्याळासोबत ठेवली. तेल वाळून डिंकासारखे झाले होते. एके काळी हे तेल शिंशुमारासारख्या सागरी प्राण्यांच्या जबड्यातून काढीत, आज ते प्रयोगशाळेत बनते, पण ते घालण्याचा संयम मात्र पूर्वी होता तोच लागतो: तासाला १८ हजार, म्हणजे दिवसाकाठी ४ लाख ३२ हजार ठोके सोसणाऱ्या यंत्रात तेलाचा थेंब सुईच्या टोकावर मावेल त्याहून मोठा झाला तर तो आपली जागा सोडून पसरतो, आणि जेथे हवा तेथे उरत नाही. दांडीचा गंज तेलात भिजवलेल्या काडीने जितका निघाला तितकाच काढला. केस साबणाच्या कोमट पाण्याने धुतली. तबकडीवरची धूळ फुंकून काढली, आणि तिच्यावर मध्यभागी जी तपकिरी छटा आली आहे ती तशीच राहू दिली, कारण ती छटा त्या तबकडीच्याच लाखेची आहे, बाहेरून लागलेला डाग नव्हे.

आता राहिला प्रश्न इतर घड्याळांचा, जी पुढच्या लिलावांत येतील. निव्वळ वजन काढण्यासाठी सराफाला यंत्र केसमधून बाहेर काढावेच लागते. तेव्हा त्याच वेळी कारखान्याचे नाव, केसवरचा क्रमांक, आतील मुद्रा आणि शेवटच्या दुरुस्तीची खूण यांची नोंद करून ती यादीत छापली, व कसोटीचा कस बाहेरून न घेता झाकणाच्या आतल्या बाजूने घेतला, तर संस्थेचे काही नुकसान नाही. उलट वितळवणाऱ्याखेरीज दुसरे बोलीदार येतील आणि कर्जदाराच्या खात्यावर चार पैसे अधिक जमा होतील. अशा नोंदीचा एकपानी मसुदा मी त्या सराफांच्या सल्ल्याने तयार केला आहे, आणि जिल्ह्यातील कोणत्याही संस्थेस तो हवा असल्यास मी विनामूल्य देईन; घड्याळ उघडतेवेळी हजर राहण्याचीही माझी तयारी आहे.