टिपेश्वरची सफर

मागच्या ऑगस्टमध्ये दुबईला असलेल्या आमच्या भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कंपनीची सुट्टी मिळाली म्हणून तो केनियात मसाई मारा बघून आला होता. गाडीच्या अगदी पुढून एक सिंहीण पिल्लांना घेऊन चालली होती आणि मागे माळावर नजर पोचेल तिथवर काळे ठिपके दिसत होते. ते ठिपके म्हणजे विल्डबीस्ट. शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून १२ ते १५ लाख जनावरं दरवर्षी गवताच्या आणि पाण्याच्या मागे चालत राहतात, मारापर्यंत येतात आणि परत फिरतात.

मुलांनी तो व्हिडिओ दहा वेळा पाहिला. धाकट्याने विचारलं, "आपण कधी जायचं सफारीला?"

अब्बा पेपर वाचत होते. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या पिढीच्या मास्तरांची सफारी म्हणजे शिवलेला सूट. राखाडी रंगाचा एक अजून ट्रंकेत आहे. म्हणाले, "माझी सफारी घालून अंगणात बस. भाडं वाचेल."

आम्ही दोघंही शाळेत शिकवतो, एक उर्दू आणि एक मराठी. त्यामुळे शब्द निघाला की त्याच्या मागे जायची खोड. सफारी हा स्वाहिली भाषेतला शब्द आणि तिथे तो अरबी 'सफर'वरून आला. मोम्बासा, झांझिबारच्या किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांचं येणं-जाणं शेकडो वर्षांचं. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. शेजारच्या गावी लग्नाला निघालात तरी सफारीच. बंदुका आणि पुढे कॅमेरे त्याला चिकटवले ते गोऱ्या शिकाऱ्यांनी. उर्दूतला सफर मराठीत येताना स्त्रीलिंगी झाला, एवढाच काय तो फरक.

केनिया आमच्या दोन पगारांत बसणारं नव्हतं. पण यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे आणि आदिलाबादला आमची खाला राहते. नंदीग्राम एक्स्प्रेस परभणीहून थेट आदिलाबादला नेते. तिथून पैनगंगा ओलांडली की तासाभरात पांढरकवडा. मे महिन्याच्या सुट्टीत निघालो. अम्मीने खिमा-रोटीचा डबा घेतला. अब्बा नको नको म्हणत सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले.

टिपेश्वर लहान आहे, साधारण १४८ चौरस किलोमीटर. सागाचं जंगल. मे महिन्यात झाडं उघडी आणि पाचोळा इतका की मोर चालला तरी वाटतं, कुणी मोठं येतंय. दुपारच्या फेरीआधी सुन्ना गेटपाशी एका झाडाखाली आम्ही जोहरची कसर पढलो. "आता खरे मुसाफिर झालो," अब्बा म्हणाले.

गाईड जवळच्याच गावचा, विशीतला मुलगा. टिपेश्वरची ओळख करून देताना त्याने पहिलं नाव घेतलं ते वॉकरचं. याच जंगलात २०१६ साली जन्मलेला नर वाघ. वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचे डॉ. बिलाल हबीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. जूनमध्ये तो इथून निघाला आणि नऊ महिन्यांत ३००० किलोमीटरहून जास्त चालला. शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. उपग्रहाने त्याचे ५००० हून जास्त ठावठिकाणे नोंदवले. रात्री चालायचा, दिवसा पिकात, ओढ्याकाठी, झुडपात पडून राहायचा. तो झोपला होता त्या झुडपात काही लोक शिरले तेव्हा त्यांतल्या एकाला किरकोळ जखम झाली. एवढ्या वाटेत माणसाशी त्याची झटापट झाली ती तेवढीच. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली.

"तुमच्या हिंगोलीकडूनही गेला तो," गाईड म्हणाला. हिंगोली म्हणजे १ मे १९९९ पर्यंतचा आपलाच परभणी जिल्हा. मुलं खूश झाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आमचे मामू कळमनुरी तालुक्यात शेती करतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यात परतीच्या पावसाने जे केलं ते कुणी विसरलेलं नाही. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडत होता. जो वाचला तो वेचायची वेळ आणि नेमका तेव्हाच वाघ आल्याचा बोभाटा. वेचणीला बाया यायला तयार होईनात. मामू फोनवर रडकुंडीला आलेले आम्ही ऐकले होते. स्टाफरूममध्ये "गोळी घालून मोकळं करा त्याला" असं म्हणणाऱ्यांत आम्ही दोघंही होतो. आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ रोजी, याच पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली होती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता तिच्यावर. तेव्हाही आम्हाला विशेष काही वाटलं नव्हतं.

आणि आता पैसे भरून, टोप्या घालून, तसाच वाघ दिसावा म्हणून मनात दुआ करत होतो.

एका मोकळ्या जागेशी गाईडने गाडी थांबवायला लावली. इथे पूर्वी गाव होतं, तो म्हणाला. माणसं बाहेर वसवली, आता गवत आलंय, चितळ येतात. भाच्याच्या व्हिडिओत असं काही नव्हतं, पण सेरेंगेटीची गोष्टही हीच. १९५९ मध्ये इंग्रज सरकारने मसाई लोकांना त्यांच्या गुराढोरांसह त्या उद्यानातून बाहेर काढलं. हल्ली मारा राखीव क्षेत्राच्या भोवतीची मसाई कुटुंबं आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्याने देतात. म्हणजे सिंह दिसला तर निदान काही पैसे त्यांच्याही घरात येतात. आमचा गाईडही त्याच मार्गाने कमावत होता. हे चांगलं की वाईट, आम्हाला ठरवता आलं नाही. त्याला मात्र नोकरी आवडत होती, हे दिसत होतं.

वाघीण दिसली ती पाणवठ्यावर. उलट्या पावलांनी पाण्यात उतरली आणि कमरेपर्यंत बुडून बसली. पाच जिप्सी एका ओळीत, पण कुणी शिंकलंसुद्धा नाही. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, म्हणजे आमच्यातून आरपार पाहिलं. अम्मी हळूच "सुब्हानअल्लाह" म्हणाली. आमच्या दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही. वीस मिनिटं गेली. अब्बांची चुळबुळ सुरू झाली होती, असरची वेळ निघून चालली होती आणि गाडीतून उतरायचं नाही हा नियम.

बाहेर आलो तेव्हा सूर्य बुडायला थोडाच वेळ होता. अब्बा घाईने नमाजीला उभे राहिले. रस्त्याच्या कडेने एक बाई शेळ्या हाकत, जवळजवळ पळत घराकडे निघाली होती. धाकटा म्हणाला, "यांची मजा आहे, रोज फुकटात वाघ." गाईड हसला नाही. "दिसू नये म्हणूनच पळतायत त्या," म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही मामूंकडे गेलो. मुलांनी जाताच मोबाईल त्यांच्या हातात दिला. मामूंनी चष्मा चढवून व्हिडिओ दोनदा पाहिला. "दूर से देखे तो अच्छाच दिखता," म्हणाले. मग किती पैसे पडले ते विचारलं. आकडा ऐकून म्हणाले, "माझ्याकडे आला तेव्हा कुणी तिकीट काढलं नाही."

आम्हाला वाटलं, नेहमीची थट्टा. पण मामूंनी मोबाईल परत दिला नाही. म्हणाले, त्या साली विहिरीच्या बाजूला, कापसाच्या दोन ओळींमध्ये, ओल्या मातीत एक पाऊल उमटलेलं होतं. ताटलीएवढं. पहाटे मोटार सुरू करायला गेले तेव्हा दिसलं. वॉकरचं की आणखी कशाचं, त्यांना माहीत नाही. दोन दिवस विनवण्या करून सात बाया त्या सकाळी यायला कबूल झाल्या होत्या.

"मग?" मोठीने विचारलं.

"मग काय. घमेलं पालथं घातलं त्याच्यावर."

वनखात्याला कळवलं नाही, मामीलाही सांगितलं नाही. सहा दिवस ते रोज बायांच्या पुढे, काठीने पत्र्याचा डबा वाजवत, ओळीओळीतून चालले. बायांना सांगितलं, रानडुकरं आहेत. कापूस घरात आला. त्यावर खताच्या दुकानाची उधारी फिटली, थोडं मुलीच्या लग्नाला लागलं. "त्यांतली एक पोटुशी होती," मामू म्हणाले. "सहा रात्री मला झोप नव्हती."

खोलीत कुणी बोलेना. स्टाफरूममधलं आमचं बोलणं आम्हाला आठवत होतं आणि पाणवठ्यावरचं पाणीही.

"नंतर सांगितलं का त्यांना?" मोठीने विचारलं.

मामूंनी उत्तर दिलं नाही. बाहेर अंगणात त्यांच्यातलीच एक जण चुलीसाठी पऱ्हाट्यांचा भारा बांधत होती. मामू उठले आणि दार थोडं लोटून घेतलं.