श्वासाची जोड

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख पुढे सरकवला. चार हजार हर्ट्‌झच्या पुढे रेघ सरळ खाली. वयाला धरूनच आहे म्हणाल्या. गप्पा, फोन, गाणी सगळं नीट चालेल. माझं काम नेमकं त्या घसरलेल्या भागात. माणसाच्या श्वासाची बरीचशी सळसळ तिथे असते.

बे एरियातल्या एका लहानशा रेडिओ स्टेशनवर मध्यरात्रीनंतर मी ध्वनिकोलाज करतो. हाताशी कार्टांचा, म्हणजे एकेक आवाज भरलेल्या छोट्या टेपांचा, ढीग. काय कशाला भिडणार ते हवेत गेल्यावर ठरतं. टीव्हीवरचा प्रवचनकार वाक्याआधी लांब श्वास ओढतो. तो ठेवायचा, वाक्य कापायचं आणि त्या जागी आकाशवाणीवरचा लासलगावचा कांद्याचा भाव सोडायचा. जमलं तर जोड कळत नाही, कांद्याला उगाच पापपुण्य चिकटतं. जरा उशीर झाला की नुसता विनोद होतो, आणि विनोद काय, कुणीही करतं.

कार्ट बटण दाबताच बोलते, तिच्याबद्दल तक्रार नाही. दाबायचं कधी, हे श्वास सांगायचा. संपता संपता तो किंचित अडतो, तिथे. आता ते अडणंच ऐकू येत नाही. आवाजाची पातळी दाखवणारं व्हीयू मीटर बघावं, तर काटा पुरता वर यायला 300 मिलिसेकंद घेतो, आणि इतक्या हलक्या आवाजाला तो धड हलतही नाही.

बर्कलीच्या केपीएफए रेडिओवर डॉन जॉयस 1981 पासून 'ओव्हर द एज' हा कार्यक्रम चालवायचे, 2015 साली गेले तोपर्यंत. तेही कार्टवालेच. श्रोत्यांना नियम असा, की फोनची घंटी थांबली म्हणजे तुम्ही हवेत, हॅलो म्हणायचं नाही. त्यांच्या कामात पसारा फार, असं मी चारचौघांत म्हणायचो. खरं तर जळायचो. हल्लीच्या मंडळींवर जळावंसंही वाटत नाही. त्यांचं सॉफ्टवेअर श्वास आधीच पुसून टाकतं, मग सगळे एकाच ठेक्यात बोलतात, मेल्यासारखे.

हाताखाली एक मुलगी शिकते. श्वास अडला की ती बोट वर करते, मी बटण दाबतो. तिचं बोट, माझा डोळा, मग माझं बोट. जोड मागेच पडते. तिनेच दाबावं हे दोघांनाही कळतं. ती म्हणत नाही, मी विचारत नाही.

परवा मी पाण्याची बाटली घ्यायला वळलो, तेवढ्यात तिने एक जोड मारली. घरी रेकॉर्डिंग आणून मी ती पुन्हा पुन्हा ऐकतोय, चुकलीय कुठे ते शोधायला. ऐकायचा तेवढाच भाग नेमका मला ऐकू येत नाही.