लेकीकडे निघालेल्या बॅगा

मुंबईच्या सहार विमानतळावर मध्यरात्री काउंटरसमोर, फरशीवरच बॅगा उघडून बसलेली कुटुंबे हमखास दिसतात. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली आई डिंकाच्या लाडवांचा डबा एका बॅगेतून दुसरीत हलवत असते. कारण इथे नुसत्या एकूण वजनावर भागत नाही. या मार्गावर बहुतेक कंपन्या बॅगेमागे २३ किलो देतात. दोन बॅगांचे तिकीट असेल आणि एक २६, दुसरी २० किलोची भरली, तर बेरीज ४६च. तरी जादा पैसे पडतात! शिवाय लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर, तीही चाके आणि मूठ धरून. मोठी बॅग रिकामीच चार-पाच किलो भरते, हे दुकानात कोण पाहतो? म्हणून घरीच काट्यावर प्रत्येक बॅग तोला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र ठेवू नका. तेलामुळे पेट घेण्याचा धोका असल्याने त्या काढायला लावतात. साड्या चार कमी न्या, लाडू राहू द्या.

नागपूरहून वेगळ्या तिकिटाने मुंबई गाठणाऱ्यांनी अधिक जपावे. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच चालतात. तिकीट काढतानाच विचारून घ्या.