नको म्हणायचा हक्क

दोन पॅलेट डोक्यावर घेऊन दारात आलो, तर आईनं वाट अडवली.

"कुणाचं उष्टं आणलंस रे?"

"उष्टं नाय आई, लाकूड हाय. टेबल करतो."

"दुसऱ्यानं टाकलेलं ते उष्टंच. तुझ्या आज्यानं सोडलं, ते तू परत उचलतोस?"

आई शाळेत गेली नाही, पण सवाल असा टाकला की डोक्यावरचं ओझं दुप्पट झालं. मढ्यावरचं कापड, मेलेलं ढोर, दारोदारची शिळी भाकर. गाव यालाच महाराचा 'हक्क' म्हणायचा. आमच्या कर्नाळ्यावरून जो मुंबई-गोवा रस्ता जातो, तोच पुढं महाडला जातो. तिथं १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्ट्यावर जगणं सोडा. मग चवदार तळ्याचं पाणी पेटलं. आणि त्या आज्याचा नातू मी, भंगार घेऊन दारात उभा!

त्या रात्री तळोज्याला रोलिंग मिलमध्ये पाळी होती. समोरून लालभडक सळई सळसळत जात होती आणि डोक्यात एकदम उजेड पडला. च्यायला, हे लोखंड तरी कुठलं? मोडक्या गाड्या, फुटके पाइप, गंजके पत्रे. भंगार वितळवूनच आम्ही सळया काढतो. त्यावर टॉवर उभे राहतात. त्या टॉवरला कुणी उष्टं म्हणतं का?

मित्रांनो, फरक मालात नाही, हातात आहे. उष्टं खाली मान घालून, हात पसरून घ्यावं लागायचं. त्याला नको म्हणायची सोय नव्हती. मी भंगारवाल्याकडं ताठ उभा राहिलो, भाव केला, पैसे मोजले. आणि दहा पॅलेटमधले आठ नाकारले.

कसे नाकारले ते सांगतो, कारण तुमच्यातला कुणीतरी उद्या हेच करील. न्हावाशेवा बंदरात परदेशी माल येतो, तो या लाकडी चौकटींवर. त्यावर शिक्का असतो. गव्हाची ओंबी, देशाची दोन अक्षरं आणि शेवटी एक खूण. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून त्यातली कीड मारली. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. हा वायू फुप्फुसाला आणि मज्जातंतूंना घातक. 'एमबी'चं लाकूड घरात आणू नका, चुलीत तर घालूच नका. शिक्का नसेल, तेलकट डाग असेल, उग्र वास असेल, तरी सोडा. मी पहिला स्टूल अशाच डागाळलेल्या फळीचा केला होता. करवत चालवताना डोळ्यांची आग झाली. तेव्हा शिक्का वाचता येत नव्हता.

पॅलेटचे खिळे पिळाचे असतात. पहारीनं उपटाल तर फळी चिरते. फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घालून खिळाच कापा. मग रंधा, मग पॉलिश पेपर. टेबल तीस इंच उंच ठेवा, म्हणजे लिहिताना मान मोडत नाही. तापवल्यानं आतली कीड मेली तरी बाहेरून वाळवी लागतेच, आणि कोकणचा पाऊस म्हणजे लाकडाचा वैरी. म्हणून पायांना जवसाचं तेल पाजा, पायाखाली जुन्या टायरचे तुकडे ठोका. उरलेल्या पट्ट्यांची मी बाबासाहेबांच्या तसबिरीला चौकट केली. निळा रंग दिला.

पण एक ध्यानात ठेवा. शहरात कुणी अशा टेबलाला कलाकुसर म्हणेल, आपली गरिबी किती कल्पक म्हणून पाठ थोपटेल. त्या थापेला भुलू नका. सागवान परवडत नाही, म्हणून हे टेबल आहे. सागवान परवडेल एवढ्या पगाराची मागणी मी सोडलेली नाही.

आमच्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, उभ्या अंगठ्यासारखा. माझ्या आज्यानं जन्मभर कागदावर अंगठाच दिला. कागदात काय लिहिलंय ते त्याला कळत नव्हतं, मग नको कसं म्हणणार? आता टेबलावर धाकटी बहीण बारावीचा अभ्यास करते. फळीवरचा 'एचटी'चा शिक्का मी घासून काढला नाही. आईनं एक दिवस त्यावर बोट ठेवलं. "काय लिवलंय?"

बहिणीनं वाचून दाखवलं.

आई म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे." आणि बाकावर बसली. टेकून, ऐसपैस.