खोडदची रात्रपाळी

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालेली एस.टी. राजगुरुनगर, मंचर मागे टाकून नारायणगावला येते. तमाशाच्या फडांचे आणि टोमॅटोच्या बाजाराचे हे गाव. जुन्नरची लेणी पाहायला जाणारी आपली मंडळीही याच स्टँडवर उतरतात. पण लेण्यांकडे न वळता पूर्वेला खोडदच्या वाटेला लागले, की शेतांच्या पलीकडे प्रचंड पराती आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसू लागतात. एकेका परातीचा व्यास 45 मीटर. कबड्डीची तीन मैदाने लांबीने एकापुढे एक मांडली, तरी काठाला जागा उरेल. जवळ जाऊन पाहावे तर परात कसली, ती नुसती तारांची चाळणी! आरपार ढग दिसतात.

अशा 30 पराती इथे आहेत. चौदा मधल्या एक किलोमीटरच्या माळावर आणि सोळा तीन दिशांना गावोगावच्या शिवारात पसरलेल्या. टोकाच्या दोन परातींमधले अंतर सुमारे 25 किलोमीटर आहे. ही एकच दुर्बीण. जी.एम.आर.टी. हे तिचे नाव आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्राकडे तिचा कारभार. तिला प्रकाश दिसत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती ऐकते. या लहरी चांगल्या लांब असतात, त्यामुळे एक-दोन सेंटिमीटरच्या घरांची जाळी त्यांना भिंतीसारखीच वाटते. वारा मात्र सुखाने पार जातो. म्हणून परात हलकी झाली आणि खर्चही वाचला. ही युक्ती प्रा. गोविंद स्वरूप यांची. हे गृहस्थ 1963 साली परदेशातून परत आले आणि 1965 साली त्यांनी आपल्या कल्याणला ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या सहा-सहा फुटांच्या 32 तबकड्या उभारून सूर्याचा अभ्यास सुरू केला. कल्याणच्या लोकलने आयुष्यभर ये-जा करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? 2020 साली ते पुण्यात वारले.

शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि हातात काचेची नळी येते. खोडदला यातले काही नाही. एका खोलीत संगणकांचे पडदे आणि त्यांच्यापुढे पाळीवर बसलेली माणसे, एवढेच. होय, पाळीच! गिरणीत, रेल्वेत, इस्पितळात काढतात तशी. रेडिओ लहरींना दिवस-रात्र सारखेच, म्हणून दुर्बीण चोवीस तास चालते. ज्या वस्तूचा अभ्यास करायचा, ती आकाशात वर असेल तेव्हा शास्त्रज्ञाची वेळ. बरे, ती वेळही एका जागी राहत नाही. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात. महिन्याला दोन तासांचा फरक पडतो. आज पहाटे दोनला उगवणारी वस्तू तीन महिन्यांनी रात्री आठला उगवते. गिरणीची पाळी आठवड्याने बदलत असे. ही रोज चार मिनिटांनी सरकते.

आणि ही पाळी मागून घ्यावी लागते. वर्षाचे दोन हंगाम असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. हंगामाआधी अर्ज करायचा, कोणत्या वस्तूकडे पाहायचे, का पाहायचे, किती तास हवेत, ते पटवून द्यायचे. देशोदेशीचे अर्ज येतात. सर्वांना पुरेल एवढा वेळ नसतो.

वेळ मिळाली की काम सुरू. शास्त्रज्ञ खोडदला असो, पुण्यात असो की परदेशात, पराती फिरवायला खोलीतला चालक लागतोच. थेट आपल्या वस्तूकडे वळून चालत नाही. आधी ज्याचे तेज नेमके ठाऊक आहे, अशा एखाद्या जागेकडे पाहायचे. दुकानदार तराजूत आधी माप ठेवून पाहतो ना, तसे. मग आपली वस्तू. मधूनमधून पुन्हा मापाकडे. एखादी परात अडली तर यांत्रिक विभागाची माणसे शिवारात धावतात. वारा फार सुटला तर काम थांबवून सगळ्या परातींची तोंडे सरळ वर करून ठेवायची. बाकी वेळ बसून राहायचे. पडद्यावरच्या रेघा पाहायच्या, चहा घ्यायचा, डोळा लागू द्यायचा नाही.

रात्र संपली म्हणजे खरे काम सुरू होते. 30 परातींच्या एकमेकींशी 435 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीची नोंद वेगळी. त्यात आकाशाचा आवाज थोडा, आपला गोंगाट फार. विजेच्या तारांची ठिणगी, मोबाईल, उपग्रह, सगळे त्यात मिसळलेले. चंद्रावर एक मोबाईल नेऊन ठेवला, तर या दुर्बिणीला तो आकाशातल्या सर्वांत ठळक वस्तूंपैकी एक वाटेल, इतक्या क्षीण लहरी हे लोक ऐकतात. म्हणून सुपात गहू घेऊन खडे निवडावेत तसे नोंदींतून खडे काढत बसायचे. यात दिवस जातात, आठवडे जातात. आमच्या मते शास्त्रज्ञाची परीक्षा इथेच होते, कारण गव्हाबरोबर चांगला दाणा फेकला गेला तर कुणाला कळणारही नाही.

या निवडण्यातून काय हाती लागते, ते 2023 च्या जानेवारीत जगापुढे आले. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या दोघा संशोधकांनी याच दुर्बिणीने एका फार दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजन वायूची खूण पकडली. ती लहर निघाली तेव्हापासून सुमारे 880 कोटी वर्षे झाली होती. पृथ्वी तेव्हा जन्मलीही नव्हती!

निराशेची पाळीही असते. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचे शियापारेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा बारीकसा आवाज ऐकण्याचे काम खोडदने अंगावर घेतले होते. रात्री सव्वाआठचा सुमार. यान मंगळाच्या हवेत शिरले, आवाज येत राहिला आणि उतरण्याच्या थोडे आधी तो बंद पडला. यान आदळून फुटले होते. कोट्यवधी किलोमीटरवरची ती शेवटची धडपड जुन्नर तालुक्यातल्या माळावर ऐकू आली होती.

हे सारे ऐकू यायला शांतता लागते आणि ती शांतता फुकट मिळत नाही. आजूबाजूला कारखाना काढायचा तर दुर्बिणीला त्रास होणार नाही ना, हे आधी पाहिले जाते. पुणे-नाशिकच्या नव्या रेल्वेमार्गाची आखणी या भागातून होती. तिचाही दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून 2025 पर्यंत मार्ग बदलण्याची गोष्ट निघाली आणि इथल्या लोकांनी नाराजी उघड बोलून दाखवली. तिला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. ज्याच्या मुलाला कामासाठी चाकणला राहावे लागते, त्याला 880 कोटी वर्षांपूर्वीच्या लहरीचे कौतुक सांगून भागत नाही. दुर्बीण हलवता येत नाही, हेही तितकेच खरे. मग जो शिवार गप्प बसतो, त्याच्या शाळांना प्रयोगशाळा, त्याच्या पोरांना या परातींच्या दुरुस्तीचे, विजेचे, संगणकाचे शिक्षण आणि नोकरीत वाटा मिळायला नको काय? आय.टी.आय. झालेला फिटर आणि इलेक्ट्रिशियन नसेल, तर तिथल्या डॉक्टरेटवाल्याची पाळी पहिल्याच रात्री बंद पडेल.

जाऊन पाहायचे असेल तर 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन सोयीचा. त्या दिवशी सहसा सर्वांना आत सोडतात, शाळांची मुले आपापले प्रयोग मांडून उभी असतात आणि शास्त्रज्ञ स्वतः माहिती देतात. पोरांना घेऊन जा, प्रश्न विचारू द्या. सकाळची एस.टी. धरली तर पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते. भाकरी बरोबर घ्यावी. मोबाईल मात्र फाटकाशी पोहोचण्याआधीच बंद करावा.